दुधनीची पोरगी

मुलाखत घ्यायला येणाऱ्या पोरापोरींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. रॅप करायला कुणाला ऐकून शिकलात? परदेशातली दोन-चार नावं त्यांनी आधीच मनात धरलेली असतात, मी फक्त मान डोलवायची असते. मी म्हणते, टॉवेलच्या सेलमुळे शिकले. त्यांना वाटतं, बाई चेष्टा करतेय. ती हसतात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात. तो माझ्या शरीराबद्दल असतो आणि त्याचं उत्तर मी देत नाही, मग चहा येतो आणि मुलाखत संपते. टॉवेलच्या सेलची गोष्ट अशी दर वेळी राहून गेली. आता डोक्यात पांढरे केस आलेत, दोन गाण्यांच्या मध्ये मला खुर्ची लागते, तर ती इथे निवांत सांगून टाकते.

आमचं सोलापुरातलं घर म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या आणि पुढे शहाबादी फरशीचा ओटा. आमची माणसं मूळची सांगोल्याकडची, मेंढरं राखणारी. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मेंढरं सोडली आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर कामाला लागले. थोरला भाऊ दत्ता शाळा सुटली तसा त्यांच्याच मागोमाग गेला. मागांच्या खडखडाटात इतकी वर्षं उभं राहून आबांचे कान गेले होते. अगदी ठार बहिरे नव्हते, पण त्यांना ऐकू जायचं तर गल्लीला ऐकू जाईल असं बोलावं लागे. त्यामुळे आमच्या घरात हळू बोलायची सोयच नव्हती. भाजीत मीठ कमी पडलंय हे आई ओरडून सांगायची आणि भिंतीपलीकडून शेजारच्या नरसक्काचं उत्तर यायचं, "मग घाला की वैनी वरनं!" अशा घरात गुपित ठेवायचं म्हणजे तोंडच उघडायचं नाही, हा एकच मार्ग. मी तोच धरला होता. घरात मी बाळ्या होते, धाकटा मुलगा, कॉलेजात जाणारा, विचारलं तर हूं म्हणणारा. आई सगळ्यांना सांगायची, "आमचं बाळ्या लई गरीब हाय."

गरीब वगैरे मी काही नव्हते. माझा कंठ फुटला तेव्हा मला एकाऐवजी दोन आवाज मिळाले, एवढंच. एक जाडाभरडा, तो मी घरात आणि कॉलेजात वापरायची, तोही जेवढ्यास तेवढा. दुसरा माझा. तो कुणाला ऐकवायची टाप नव्हती, पण त्याला वापरलं नाही तर तो आतल्या आत वाळून जाईल अशी भीती मला वाटायची. मग मी एक जागा शोधून काढली. रात्रपाळी करून आलेले आबा दिवसभर आतल्या खोलीत झोपलेले असत. मी त्यांच्या उशाशी पुस्तक घेऊन बसायची आणि माझ्या आवाजात, ओठांतल्या ओठांत, त्यांच्याशी बोलायची. आबा, आज कॉलेजात अमुक झालं. आबा, मला नरसक्काच्या सुनेसारखी हिरवी काचेची बांगडी पाहिजे. आबा, मी मुलगी आहे. पत्र्याच्या भोकातून उन्हाचा कवडसा पडायचा, तो सावकाश त्यांच्या पोटावरून सरकत भिंतीवर चढायचा, आणि आबा तालात घोरत राहायचे. जगात सगळ्यात आधी मी माझं खरं आबांना सांगितलं, आणि त्यांना ते ऐकू आलं नाही.

बाहेर ओट्यावर त्याच वेळी आई आणि नरसक्का बसलेल्या असत. कारखान्यातून चादरी घरी यायच्या. त्यांच्या टोकाला सुटलेले दोरे, ज्यांना दशा म्हणतात, ते पिळून त्यांच्या गाठी मारायचं काम दोघी करत. नरसक्का तेलुगू घरातली, तिचं मराठी ठसकेबाज आणि तोंड फटकळ. मांडीवर चादर, शेजारी पितळेच्या डब्यात मिश्री, आणि गप्पांचा विषय बहुतेक करून एकच, दत्ताचं लग्न. आईला सून हवी होती. मुली बघून झाल्या होत्या. एक फार शिकलेली निघाली, एक फार लांबची. आईचं खरं दुखणं वेगळं होतं. "घर कसं मुकं मुकं वाटतंय बघ," ती नरसक्काला म्हणायची. "ह्यांना ऐकू येत न्हाय, दत्त्या थकून येतोय, बाळ्या तर बोलतच न्हाय. मला बोलनारी पायजे." मी आतून ते ऐकायची, आणि कवडसा भिंतीवर चढत राहायचा.

दत्ताकडे एक मोबाईल होता आणि त्याच्या कार्डात गाणी भरून आणायचं काम माझ्याकडे. गाणी भरून देणाऱ्या इक्बालचाचांचं दुकान बाजाराच्या बोळात होतं. चाचांचा मुख्य धंदा जाहिरातीच्या रिक्षाचा. वर दोन भोंगे बांधलेली रिक्षा ते स्वतः चालवायचे आणि दुकानामागच्या खोलीत जाहिरातीचं रेकॉर्डिंगही स्वतःच करायचे. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून खोलीच्या चारी भिंतींना, अगदी छतालाही, त्यांनी सोलापुरी चादरी ठोकल्या होत्या. लाल, हिरव्या, निळ्या, मोरांच्या आणि फुलांच्या. आत गेलं की दार लागायचं आणि सगळं शहर बंद पडायचं. पुढे मी पुण्या-मुंबईत काचेच्या भिंतींचे, थंडगार स्टुडिओ पाहिले. पण अजूनही हेडफोन कानाला लावला की मला आधी नव्या चादरीच्या खळीचा वास येतो.

दत्ताच्या कार्डात चाचा हाताला लागेल ते भरून द्यायचे. एकदा भजनं आणि लग्नाच्या गाण्यांमधून काही इंग्रजी गाणी आली. दत्ता म्हणाला, "हे काय भांडत्यात व्हय रं?" आणि फोन माझ्याकडे फेकला. मला त्यातला एक शब्द कळला नाही. पण एक गोष्ट कळली आणि अंगावर काटा आला. ती माणसं गात नव्हती. बोलत होती, नुसतं बोलत होती, आणि ते बोलणं ठेक्यावर असं बसत होतं की पाय आपोआप हलावा. गाणं म्हणजे गोड गळा, मुरक्या, वरचे सूर, असं मी समजत होते. इथे तर बोलता येणं पुरे होतं. आणि बोलायचं माझ्याकडे इतकं साठलं होतं! त्या दिवसापासून आबांच्या उशाशी मी ठेक्यावर बोलायला लागले.

मग तो दिवस आला. मी कार्ड घेऊन दुकानात गेले तर चाचा डोक्याला हात लावून बसलेले. त्यांच्या जाहिराती बोलणारी बाई लग्न होऊन वैरागला गेली होती आणि टॉवेल-चादरीच्या सेलची जाहिरात दुसऱ्या दिवशी फिरवायची होती. मी कुठून धीर आणला ते मला आजही सांगता येणार नाही. म्हटलं, "चाचा, मी बोलू का?" ते हसले. "ये बाईका काम है बेटा." मी चाचांना घेऊन चादरींच्या खोलीत गेले, दार लावलं, आणि माझ्या आवाजात बोलले. कागदावर लिहिलेलं होतं ते नाही, मनाला आलं ते.

"ऐका मावशी, ऐका काका, रंग हितला लई पक्का,
धुवा, पिळा, उन्हात टाका, सासूबी म्हनंल, वा गं आक्का!"

पुढे अजून बरंच होतं, थोडं तेलुगू, थोडं कन्नड, थोडी चाचांची दखनी. बाजारात जे कानावर पडतं ते सगळं. चाचांच्या कॉम्प्युटरात जाहिरातीमागे लावायचे तयार ठेके होते, त्यातला एक मी निवडला. चाचांनी डोळे मिटून ऐकलं, उघडले, परत मिटले. म्हणाले, "आँखां बंद किया तो लडकी, खोल्या तो तू. मैं बंदच रखतूं." एवढ्यावर त्यांनी विषय संपवला आणि चहा मागवला. माणसानं माणसाला कसं वागवावं, हे मी त्या एका वाक्यातून शिकले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आतल्या खोलीत पडले होते. लांबून, दोन गल्ल्या पलीकडून, माझा आवाज आला. आधी नुसता ठेका, मग शब्द, मग वळण घेऊन आमच्या गल्लीत. मी फरशीवर पडलेय आणि मीच रस्त्यावरून चाललेय. खिडकीतून आत येतेय, ओट्यावरच्या चादरीवरून, पत्र्यावरून जातेय. कुणी मला अडवत नाही, माझ्याकडे बघून कुणी कुजबुजत नाही. गल्लीतली बारकी पोरं रिक्षामागे नाचत चालली होती. एक म्हातारा म्हणाला, "ही कुनाची गं बया पोरगी, लई गुनाची हाय." मी डोळे मिटून घेतले. ऊन पापण्यांतून लाल दिसत होतं, आणि त्या लाल उजेडात मी सगळ्या सोलापुरात फिरत होते, दाराशी थांबत होते, मुलगी म्हणून. इतकं सुख मला नंतर टाळ्यांनीही दिलं नाही.

डोळे उघडले तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. ओट्यावर आईचे हात थांबले होते. काम करताना तिचे हात थांबलेले मी त्याआधी कधी पाहिले नव्हते. आणि आबा उठून बसले होते. भोंग्याचा आवाज, शिवाय ठेक्यावर तोडून तोडून बोललेला, थेट त्यांच्या कानात गेला होता. त्यांनी आईला हाक मारली, "अगं, हिचं बोलनं मला कळतंय. समदं कळतंय."

सेल लांबला तशी रिक्षाही रोज येऊ लागली. आणि आईच्या डोक्यात जे शिरलं ते शिरलंच. बोलणारी सून हवी होती, ही बोलणारी होती. नवऱ्याला ऐकू येईल अशी हवी होती, हिचं त्यांना शब्द न् शब्द ऐकू येत होतं. ठसका होता, पण तोंडात वाईट शब्द नव्हता. "नरसक्का, ही पोरगी मला दत्त्यासाठी पायजे," तिने जाहीर करून टाकलं. आजवर मुलीचा रंग बघून, घर बघून, फोटो बघून लग्नं ठरलेली ऐकली होती. रिक्षाचा भोंगा ऐकून मुलगी पसंत करणारी सोलापुरात आमची आईच पहिली असेल. नरसक्कानेही तिला शहाणं करायचं सोडून डोक्यावर पदर घेतला, आणि दोघींनी गल्लीच्या तोंडाशी रिक्षा अडवली.

मी मागे उभी होते. आई चाचांना विचारत होती, "भाऊ, ही पोरगी कुटली? कुनाची?" चाचांनी आईच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी नाही नाही अशी मान हलवली. बिचाऱ्यांना खोटं बोलायची सवय नव्हती, जे सुचलं ते म्हणाले. "दुधनीकी है भाभी." नाव काय? "बानू." त्यांच्या एका मावशीचं नाव होतं ते, त्यांनी मला नंतर सांगितलं. पण आईला ते ऐकून काय झालं म्हणून सांगू! आमच्या देवाची, खंडोबाची, मेंढरं राखणारी लाडकी बायको बानू. आईने तिथेच रस्त्यात हात जोडले. "बानू! म्हंजी आपल्यातलीच की!" नरसक्का जरा सावध होती. "आडनाव इचारा आदी. भावकीतली निघाली तर काय करनार? बहीन लागंल, सगळं मुसळ केरात." आई म्हणाली, "ते तितं जाऊनच इचारू. पोरगी डोळ्यानं बघितल्याबिगर मी राहत न्हाय."

सोमवारी दुधनीला, अक्कलकोटच्या पुढच्या त्या गावाला, जायचं ठरलं. ते दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. आई जन्मात इतकी आनंदात दिसली नव्हती. दत्ताला चिडवत होती, आबांना ओरडून ओरडून सांगत होती, नसलेल्या सुनेला कुठे झोपवायचं म्हणून खोलीतली ट्रंक इकडची तिकडे करत होती. मला म्हणाली, "बाळ्या, वैनी आली की तुजंबी तोंड उघडंल बघ." मला एकीकडे हसू यायचं, एकीकडे रडू. सांगितलं नाही तर ती सगळी दुधनी पालथी घालणार, दारोदार बानूला विचारत फिरणार, लोक तिला हसणार. सांगितलं तर ही दुधनीची पोरगी तिच्या हातून जाणार, आणि कदाचित बाळ्याही जाणार. मला घराबाहेर काढतील याची भीती होतीच. पण त्याहून जास्त भीती वेगळीच होती. आईला जी आवडली होती ती मीच होते. मी आहे असं कळल्यावर ती नावडती होईल, ही भीती मला जेवू देत नव्हती.

सोमवारी सकाळी आई चुलीपुढे बसून धपाटे लावत होती. सोयरिकीला रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून एका फडक्यात धपाटे, एका डबीत शेंगाची चटणी, वर दही. हिरवं इरकल लुगडं नेसली होती, त्याच्या घडीचा वास सगळ्या घरात पसरला होता. दत्ता कामावर गेला होता. आबा रात्रपाळी करून आत झोपले होते. दारातून सकाळचं पिवळं ऊन तिच्या पाठीवर आलं होतं आणि धुरात ते हळूहळू हलत होतं. मी उंबऱ्यात उभी राहिले. आई म्हणाली, "माजा पदर नीट हाय का बघ रं." मी पदर नीट केला. मग दोन पावलं मागे सरले, मांडीवर हाताने ठेका धरला, आणि माझ्या आवाजात, पोटापासून, रस्त्यावरच्या रिक्षाइतकी मोठ्याने बोलले.

"ऐका मावशी, ऐका काका, रंग हितला लई पक्का..."

आई वळली ती दाराकडे, रिक्षा बघायला. दारात रिक्षा नव्हती. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी थांबले नाही, सगळी जाहिरात म्हटली, तेलुगू, कन्नड, दखनी सगळं, कारण थांबले असते तर परत कधी तोंड उघडलं नसतं. तव्यावरचा धपाटा काळा पडायला लागला. आतून आबांचा झोपेतला आवाज आला, "रिक्षा आली व्हय गं?"

आई म्हणाली, "तू हाईस व्हय ती?"

"व्हय."

"आनि दुधनीची?"

"दुधनीत कुनी न्हाय, आई."

तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "पोरीचा आवाज कशाला काडतोस रं?"

"काडत न्हाय. ह्योच माजा हाय," मी म्हटलं. "घरातला काडलेला हाय. पहिल्यापास्नं."

आईने तवा हातानेच खाली उतरवला. चटका बसला असणार. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि तिथे काय चाललंय ते मला वाचता येत नव्हतं. तिला त्या सकाळी सगळं समजलं, असं मी कधीच म्हणणार नाही. पुढची कितीतरी वर्षं ती मला कधी बाळ्या, कधी बानू म्हणायची, चुकायची, रागवायची. माझी पहिली साडी तिने लपवून ठेवली आणि दुसरी स्वतः आणली. माझ्या पहिल्या मोठ्या कार्यक्रमाला ती तोंड फिरवून बसली होती, आणि घरी येऊन आबांना सगळं ओरडून सांगत होती. तो सगळा रस्ता तिला चालायचा होता. चुलीपुढे बसलेली ती नुसती एक बाई होती, जिला सून बघायला जायचं होतं आणि जिच्याकडे ओच्यात बांधलेली हळदकुंकवाची पुडी होती.

आबा आतून परत म्हणाले, "का थांबली गं ती? म्हनू दे की."

तेवढ्यात नरसक्का दारात आली. डोक्याला तेल, केसांत अबोली, हातात पिशवी. "चला वैनी, यष्टी जाईल."

आई उठली. पदराने हात पुसले, तोंड पुसलं, फडक्यातले धपाटे सोडून परत ताटात ठेवले.

"न्हाय जायाचं," ती म्हणाली.

"का वो? काय झालं?"

"पोरीचा पत्ता लागला. भावकीतली निघाली." आईने माझ्याकडे पाहिलं नाही, पण आवाज मुद्दाम मोठा केला, आत झोपलेल्या माणसाला ऐकू जाईल इतका. "आमच्या दत्त्याची बहीन लागती."

नरसक्का चुकचुकली. "आगं बाई. आनि मग एवडी धपाटी केली ती?"

आईने ओच्यातली पुडी सोडली, कुंकवाचं बोट माझ्या कपाळाला टेकवलं आणि ताट माझ्यापुढे सरकवलं.

"ती खाईल की," आई म्हणाली. "सकाळधरनं उपाशी हाय."